कर्णा बदललेले वाद्य : जुन्या ट्युबांची पुनर्घडण आणि अस्सलपणाचा प्रश्न

प्रास्ताविक

वाद्यांविषयीचे मराठीतील लेखन हे बहुतांशी वादकांविषयीचे लेखन असते. वाद्य कोणत्या मापाने घडविले गेले, ते किती वेळा उघडले गेले, त्यातील कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला, हे प्रश्न कारागिराचे मानून समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जातात. पाश्चात्त्य पितळी वाद्यांपैकी ट्युबा या वाद्याच्या बाबतीत मात्र हे प्रश्न केवळ दुरुस्तीच्या दुकानापुरते उरलेले नाहीत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यावर घडविलेले असंख्य ट्युबा आज मूळ रूपात वाजत नाहीत. कोणाचा कर्णा बदललेला आहे, कोणाची पहिली नळी नवी आहे, कोणाच्या झडपा दुसऱ्याच वाद्याच्या आहेत, तर कोणाची लांबी करवतीने कमी केलेली आहे. अशा वाद्याला जुने म्हणावे की नवे, मूळ घडविणाऱ्याचे म्हणावे की दुरुस्त करणाऱ्याचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ट्युबा हे पितळी सुषिर वाद्यांच्या कुळातील सर्वांत खर्जाचे वाद्य. लग्नाच्या मिरवणुकीतील ब्रास बँडमध्ये एखादा वादक अंगाभोवती वेटोळे घातलेले आणि डोक्यावर प्रचंड तोंड पसरलेले वाद्य घेऊन चालताना दिसतो. तो सुझाफोन ट्युबाचाच भाऊबंद होय. सभागृहात वाजविण्याचा ट्युबा मांडीवर उभा धरतात आणि त्याचे रुंदावत गेलेले तोंड छताकडे असते. या तोंडाला बँडवाले ‘बेल’ म्हणतात. ग्रामोफोनमुळे मराठी माणसाच्या परिचयाचा झालेला ‘कर्णा’ हा शब्द त्या भागाचे रूप अधिक नेमके सांगतो, म्हणून येथे तोच योजला आहे.

बदललेल्या ट्युबांविषयी दोन मते ऐकू येतात. संग्राहकाच्या दृष्टीने असे वाद्य विद्रूप झालेले असते. वादकाच्या दृष्टीने ते सुधारलेले असते. ‘विद्रूप’ आणि ‘सुधारलेले’ हे दोन्ही शब्द निर्णय आधी देतात आणि विचार मागाहून करतात. घडविणाऱ्यानेच जे सुटे ठेवले ते बदलल्याने वाद्याशी प्रतारणा होत नाही, परंतु बदलाची खूण न ठेवल्याने मात्र होते, ही भूमिका या दोहोंपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

अदलाबदलीचा इतिहास

ट्युबाला एकच एक मूळ रूप आहे, हे गृहीतच मुळात तपासून पाहण्यासारखे आहे. व्हिल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान गॉटफ्रीड मोरित्स यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात या वाद्याचे एकस्व घेतले. ते वाद्य एफ स्वराचे होते आणि त्याला पाच झडपा होत्या. झडपांची कल्पना स्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्येच नोंदविली होती. पुढे पॅरिसमध्ये पेरिने याची दट्ट्याची झडप आली, मध्य युरोपात फिरती झडप रूढ झाली आणि इंग्लंडमध्ये १८७४ साली ब्लेकली याने खालच्या स्वरांचा बेसूरपणा आपोआप भरून काढणारी रचना शोधली. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर वाद्याचे नाव तेच राहिले आणि आतील यंत्रणा पालटली. क्लिफर्ड बेव्हन यांचा ‘द ट्युबा फॅमिली’ हा ग्रंथ (१९७८, विस्तारित आवृत्ती २०००) वाचताना ठसणारी गोष्ट अशी की, ‘ट्युबा’ हे एका वाद्याचे नाव नसून खर्जाची एक गरज भागविणाऱ्या अनेक वाद्यांचे सामाईक नाव आहे.

संगीतरचनांच्या बाजूनेही हेच दिसते. बर्लिओझ याने ‘सिंफनी फँटास्टिक’ १८३० साली लिहिली तेव्हा ट्युबा जन्मालाच आला नव्हता. तिच्यातील खर्जाचे भाग ऑफिक्लाइड आणि सर्पंट या वाद्यांसाठी होते. आज बहुतेक वाद्यवृंदांत ते भाग ट्युबावर वाजतात. एका वाद्याच्या जागी समूळ दुसरे वाद्य आले, आणि जुन्या वाद्यांचे पुनरुज्जीवन करणाऱ्या मोजक्या वृंदांचा अपवाद सोडता श्रोत्यांनी त्याबद्दल तक्रार केल्याचे आढळत नाही. मग एखाद्या ट्युबाचा केवळ कर्णा बदलला तर एवढा गहजब का, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

वाद्ये एकेकटी नव्हे, तर सरसकट बदलल्याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमधील ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या सुरात वाजत असत. त्यांचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा होता, तर उर्वरित संगीतविश्व ४४० वर स्थिरावले होते. हे अंतर जवळजवळ पाव स्वराचे आहे. ते मिटविण्याचा निर्णय झाल्यावर नवी वाद्ये घेणे ज्यांना परवडले नाही, त्यांनी जुन्या वाद्यांच्या नळ्या लांबविल्या. साधे गणित मांडले तरी मोठ्या बी-फ्लॅट ट्युबाला सुमारे १५ सेंटीमीटर नळी जोडावी लागते, आणि शिवाय प्रत्येक झडपेची नळीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. खाणकामगारांच्या आणि गिरणीकामगारांच्या बँडांतील वाद्ये अशा रीतीने नव्या सुरात आली. त्यांना कोणी विद्रूप म्हटले नाही. बदल साऱ्यांनी मिळून केला की तो व्यवहार ठरतो आणि एकट्याने केला की अपराध, अशी ही विसंगती आहे.

सुटा कर्णा

अमेरिकेतील प्रकार याहून वेगळा आणि अधिक बोधक आहे. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण विजेवाचून होत असे. गायक-वादक एका मोठ्या भोंग्यासमोर बसत आणि हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढत असे. डबल बास या तंतुवाद्याचा खर्ज त्या भोंग्यात नीट उतरत नसे. म्हणून मुद्रणाच्या खोलीत पुष्कळदा त्याच्या जागी ट्युबा बसविला जाई. म्हणजे ट्युबा स्वतःच तेथे एक ‘बदली सुटा भाग’ होता. परंतु उभ्या कर्ण्याचा आवाज छताकडे जातो आणि भोंगा तर समोर असतो. कर्णा समोर वळवून वाद्य घडविण्याची पद्धत या गरजेशी जोडली गेली आणि अशा वाद्यांना ‘रेकॉर्डिंग बास’ हे नाव पडले. विजेवर चालणारे मुद्रण आल्यावर नावाचे कारण संपले, पण नाव उरले आणि वाद्येही उरली. कारण उघड्या मैदानावर, जेथे छतच नाही, तेथे समोर पाहणारा कर्णा उपयोगाचा होता. शाळा-महाविद्यालयांच्या बँडांनी ही वाद्ये पुढे अनेक दशके वापरली. कॉन कंपनीचा २०-जे हा ट्युबा अशा वाद्यांचा नमुना मानावा लागेल. त्याच्या समोर वळलेल्या कर्ण्याचा व्यास सुमारे दोन फूट भरतो.

या कर्ण्यांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ते धडाला झाळून जोडलेले नसत. धडाच्या टोकाला एक जाड कडे असे आणि स्क्रूंनी कर्णा त्यावर आवळला जाई. वाद्य पेटीत ठेवताना कर्णा काढता यावा, ही सोय त्यात होतीच. परंतु त्याचबरोबर एक निराळी शक्यताही त्यात दडलेली होती. किंग कंपनीच्या २३४१ या ट्युबाच्या जुन्या आवृत्तीला उभा कर्णाही बसे आणि समोर वळलेलाही बसे. एकच धड, दोन मुखे. विकत घेणारा आपल्या गरजेप्रमाणे निवड करी.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांची अडचण येथे सुरू होते. घडविणाऱ्यानेच ज्या जोडाला स्क्रू लावले, तेथे एक कर्णा काढून दुसरा बसविणे हे त्याच्या इच्छेविरुद्ध आहे असे कसे म्हणता येईल? ‘मिलिंदप्रश्ना’तील नागसेनाचा रथ मराठी वाचकाला ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. या साऱ्यांच्या आश्रयाने ‘रथ’ हे केवळ नाव उभे असते. सुट्या कर्ण्याचा ट्युबा हे या विचाराचे पितळी उदाहरण ठरते. फरक एवढाच की नागसेनाच्या रथाचे भाग सुटे असणे ही तर्काची सोय होती, तर येथे ती कारखान्याची सोय आहे.

कर्ण्याचे काम

तथापि हा युक्तिवाद येथेच थांबवला तर तो सोपा होईल. कर्णा हा केवळ शोभेचा किंवा आवाज मोठा करण्याचा भाग आहे, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुस्थिती तशी नाही. आर्थर बेनेड यांनी १९७६ च्या आपल्या ध्वनिशास्त्रविषयक ग्रंथात हा भाग विस्ताराने मांडला आहे. ओठांच्या कंपनाने निघालेली लाट नळीतून कर्ण्याकडे जाते, पण तिचा बराचसा अंश बाहेर पडत नाही. रुंदावत जाणाऱ्या तोंडाशी ती मागे फिरते आणि नळीत स्थिर कंपन उभे राहते. खर्जाच्या लाटा कर्ण्याच्या आतल्या अंगालाच परततात. उंच स्वरांच्या लाटा अधिक पुढे जाऊन परततात किंवा निसटून बाहेर पडतात. म्हणजेच प्रत्येक स्वरासाठी वाद्याची लांबी थोडी निराळी असते आणि ती कर्ण्याच्या वक्रावर ठरते. वाद्यातून निघणारे स्वर एकमेकांशी सुसंगत राहतात की नाही, याची गुरुकिल्ली या वक्रात असते.

यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा विपरीत आहे. जो भाग घडविणाऱ्याने सुटा ठेवला, तोच भाग वाद्याच्या सुरेलपणाला सर्वाधिक जबाबदार असलेल्या भागांपैकी एक आहे. दट्ट्यांवर नवा मुलामा चढविला, झडपांच्या आतील एका इंचाच्या हजारांश भागांत मोजली जाणारी फट भरून काढली, तर गळणारी हवा थांबते आणि वाद्य पूर्वी जसे होते त्याच्या जवळ जाते. कर्णा बदलला तर ते दुसरीकडे जाते. त्यामुळे ‘फक्त कर्णाच तर बदलला’ या वाक्यातील ‘फक्त’ हा शब्द खोटा आहे. मूळ कंपनीचाच उभा कर्णा बसविला तर त्याचा वक्र त्या धडाचा विचार करून काढलेला असतो. दुसऱ्या कंपनीच्या वाद्याचा कर्णा कड्यावर ओढून-ताणून बसविला, जोडाशी नळीचा व्यास एकदम वाढला किंवा घटला, तर काही स्वर चढतात, काही उतरतात आणि वादकाला ते ओठांनी सावरावे लागतात. कुशल कारागीर जोडाच्या दोन्ही बाजूंचा व्यास आणि रुंदावण्याचा वेग मोजून मगच कर्णा निवडतो. अकुशल कारागीर कड्यात काय बसते एवढेच पाहतो. दोघांच्या कामाला ‘कर्णा बदलणे’ हेच नाव आहे.

धातूविषयीचा वाद याच्या तुलनेने गौण आहे, जरी तोच अधिक हिरिरीने घातला जातो. पिवळ्या पितळेत तांब्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते, तांबूस पितळेत ते ८५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि तांबूस कर्ण्याचा आवाज ‘ऊबदार’ असतो असे वादक सांगतात. रिचर्ड स्मिथ यांनी १९८६ साली ट्रॉम्बोनच्या निरनिराळ्या जाडीच्या कर्ण्यांवर केलेल्या प्रयोगात, कोणता कर्णा आहे हे वादकांपासून लपविल्यावर त्यांना फरक ओळखता आला नाही. पुढे २०१० च्या सुमारास थॉमस मूर प्रभृतींनी पत्र्याच्या कंपनाचा परिणाम यंत्राने मोजता येतो असे दाखविले. म्हणजे फरक आहे, पण तो वक्राच्या फरकापुढे लहान आहे. जुन्या पितळेला ‘पिकलेला’ आवाज असतो ही समजूत याच कारणाने जपून स्वीकारावी लागते. जुने पितळ पिकत नाही, ते झिजते. लीडपाइप, म्हणजे माउथपीस जिच्यात बसतो ती पहिली नळी, वादकाच्या श्वासातील ओलाव्याने आतून कुजते. पितळेतील जस्त निघून जाते आणि तांबूस ठिपके दिसू लागतात. अशी नळी बदलणे हे बहुधा टाळता येत नाही. तेथे अस्सलपणाचा आग्रह म्हणजे भोकाचा आग्रह होय.

कापलेली नळी

पुनर्घडणीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मुळातच निराळ्या कोटीतील आहे. अमेरिकेतील शाळांचे आणि बँडांचे जुने मोठे ट्युबा बहुशः बी-फ्लॅट स्वराचे. त्यांची नळी सुमारे १८ फूट. तेथील व्यावसायिक वाद्यवृंदांतील वादक मात्र सी स्वराचा ट्युबा पसंत करतात. त्याची नळी सुमारे १६ फूट. मोठ्या आकाराचा जुना सी ट्युबा दुर्मीळ आणि महाग, बी-फ्लॅट त्या मानाने सहज मिळणारा. तेव्हा बी-फ्लॅट वाद्य घ्यावे, त्यातील सुमारे दोन फूट नळी कापून काढावी, झडपांच्या नळ्याही तितक्याच प्रमाणात आखूड कराव्यात आणि सी ट्युबा तयार करावा, असा मार्ग निघाला. होल्टन कंपनीच्या ३४५ या मोठ्या ट्युबावर अशी शस्त्रक्रिया अनेकदा झालेली आहे.

ट्युबाची नळी बहुतांशी रुंदावत जाते. अशा शंकूचा मधला तुकडा काढला की उरलेल्या दोन टोकांचे व्यास जुळत नाहीत, पायरी पडते. ती पायरी कोठे पडू द्यायची, किती ठिकाणी वाटून द्यायची, यात कारागिराचे कसब लागते आणि काही कापलेली वाद्ये उत्तम वाजतात हेही खरे आहे. पण येथे जे होते ते परत फिरविता येत नाही. झाळलेला जोड आंच देऊन सोडविता येतो, स्क्रूचा कर्णा पाच मिनिटांत उतरतो, पोचे ठोकून काढता येतात. कापलेली नळी मात्र पुन्हा एकसंध होत नाही. त्यामुळे ‘पुनर्घडण’ या एकाच शब्दाखाली कर्णा बदलणे आणि नळी कापणे यांना एकत्र बांधणे ही वैचारिक ढिलाई आहे. पहिल्यात वाद्याचा एक पर्याय निवडला जातो, दुसऱ्यात बाकीचे पर्याय नष्ट केले जातात.

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. देवळाचे दगड बदलले, शिखर नव्याने बांधले, तरी देऊळ तेच मानले जाते, कारण गाभाऱ्यातील देव तोच असतो. रस्किनसारख्या विचारवंताने १८४९ साली वास्तूंच्या पुनर्बांधणीला जो कडवा विरोध केला तो या शब्दाच्या मागील मनोवृत्तीला परका आहे. त्याला दगडावरील छिन्नीची खूण हीच वास्तू वाटत होती. वाद्याच्या बाबतीत गाभाऱ्यातील देव कोणता, हे ठरविणे भाग आहे. तो जर नाद असेल, तर कर्णा बदलणारा कारागीर मूर्तीलाच हात घालतो आणि दट्ट्या घासणारा केवळ भिंत लिंपतो. तो जर कारागिरीचा पुरावा असेल, तर घासलेला दट्ट्यासुद्धा पुरावा पुसून टाकतो. वादक पहिले उत्तर देतो, संग्रहालय दुसरे. दोघांनी एकमेकांना अडाणी ठरविण्याचे कारण नाही. परंतु कोणते उत्तर आपण देत आहोत हे न सांगताच जुन्या वाद्यावर करवत चालविणे मात्र समर्थनीय नाही.

तंतुवाद्यांच्या क्षेत्रात हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला, आणि तोही न विचारताच. स्ट्रॅडिव्हारीने घडविलेल्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांची मान एकोणिसाव्या शतकात बदलण्यात आली, आतील आधाराची पट्टी बदलण्यात आली, तारांचा ताण वाढविण्यात आला. १६९० सालचा ‘मेदिची’ टेनर व्हायोला फ्लॉरेन्समध्ये मूळ मानेसह शिल्लक आहे, म्हणून तर बाकीच्या वाद्यांत काय बदलले ते कळते. ट्युबाच्या वाट्याला अशी प्रतिष्ठा आलेली नाही. स्ट्रॅडिव्हारीला नवी मान बसविली तर ती इतिहासाची गरज ठरते. कॉनच्या ट्युबाला नवा कर्णा बसविला तर ती गॅरेजमधील उठाठेव ठरते. वाद्यांमधील ही वर्णव्यवस्था समीक्षकाने निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

यॉर्कची जोडी

मूळ आणि प्रतिकृती यांचा संबंध ट्युबाच्या जगात एका प्रसिद्ध उदाहरणाने समजावून घेता येतो. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील यॉर्क कंपनीने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी दोन मोठे सी ट्युबा घडविले. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांना ऑर्गनसारखा भरघोस खर्ज हवा होता, म्हणून ते घडविले गेले असे सांगितले जाते. तेथील वादक फिलिप डोनाटेली यांच्याकडील वाद्य त्यांना सोयीचे वाटले नाही. त्यांनी ते आपल्या विद्यार्थ्याला, आर्नल्ड जेकब्स यांना, १७५ डॉलरांना दिले. जेकब्स १९४४ ते १९८८ या काळात शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात होते आणि त्या वाद्याचा आवाज अमेरिकन वाद्यवृंदाच्या खर्जाचा मानदंड बनला. पुढे जोडीतील दुसरे वाद्यही तेथे आले.

मग प्रतिकृती सुरू झाल्या. स्वित्झर्लंडमधील सुमिस्वाल्ड येथील हिर्सब्रुनर यांनी १९८० च्या दशकात यॉर्कची मापे घेऊन वाद्य घडविले. जपानच्या यामाहा कंपनीनेही घडविले. या प्रतिकृतींचे मूल्यमापन करताना ‘हुबेहूब’ हा शब्द सर्रास वापरला जातो. पण कशाचे हुबेहूब? पन्नास वर्षे व्यवसायात रोज वाजलेले वाद्य घासले जाते, त्याचे पोचे निघतात, पत्रा ठिकठिकाणी पातळ होतो. मापपट्टी जे मोजते ते १९३० च्या दशकातील वाद्य नसते, तर अर्धशतकाच्या वापराने घडलेले वाद्य असते. प्रतिकृती करणारा कारखाना नकळत वापराचीही प्रतिकृती करतो. अशा वेळी अस्सलपणाचा मान नव्या कारखान्याच्या निर्दोष वाद्याला आणि कमअस्सलपणाचा शिक्का जुन्या धडावर दुसरा कर्णा बसविलेल्या वाद्याला मिळावा, यातील उफराटेपणा उघड आहे. पहिल्यात जुना एकही कण नाही. दुसऱ्यात कर्ण्याखेरीज सर्व जुने आहे.

काढलेल्या कर्ण्याचे काय होते

वाद्यांच्या जतनाविषयी रॉबर्ट बार्कले यांचा एक महत्त्वाचा ग्रंथ या शतकाच्या पहिल्या दशकात आला. त्याच्या उपशीर्षकातच प्रदर्शनाची पेटी आणि मैफलीचे सभागृह ही दोन स्थळे समोरासमोर मांडलेली आहेत. जुन्या ट्युबाचे भवितव्य मात्र बहुधा तिसऱ्याच स्थळी ठरते. शाळेने वापरातून काढलेले, पोचे पडलेले, दट्टे अडकलेले वाद्य दुरुस्ती करणाऱ्याच्या बाकावर येते. त्याच्यासमोरचा पर्याय पुष्कळदा ‘मूळ रूप की बदललेले रूप’ असा नसतोच. ‘बदललेले रूप की भंगार’ असा असतो. पितळ वजनावर विकले जाते आणि ट्युबात ते भरपूर असते. समोर वळलेला कर्णा आजच्या वाद्यवृंदाला नको आहे. उभा कर्णा बसविला तर धड, वळणे आणि झडपा आणखी काही दशके वाजत राहतात. या बाजूने पाहिले तर कर्णा बदलणाऱ्यांनी जुन्या ट्युबांवर अन्याय केला असे म्हणता येत नाही. अनेक वाद्ये त्यांच्यामुळेच उरली आहेत.

मग आक्षेप कशावर? काढलेल्या कर्ण्यावर. तो कोपऱ्यात पडतो, अडचण होते म्हणून माळ्यावर जातो आणि शेवटी भंगारात जातो. दोन फूट व्यासाची ती पितळी वस्तू ठेवायला जागा लागते हे मान्य केले, तरी तिच्याबरोबर काय जाते याचा हिशेब कोणी मांडत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन बागांतून, मैदानांतून, ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून जो खर्ज ऐकू येत असे, तो छतावरून परतून आलेला नव्हता. तो थेट समोरून येत होता. त्याची धार, त्याचा आघात आजच्या सभागृहातील गोलसर खर्जापेक्षा निराळा असला पाहिजे. विजेपूर्वीच्या तबकड्यांत खालचे स्वर फार क्षीण उतरलेले आहेत, त्यामुळे त्या नादाचे खरे साक्षीदार म्हणजे ती वाद्येच. धड उरले आणि कर्णा गेला, तर साक्षीदार हजर आहे पण त्याची जीभ कापलेली आहे.

यावर उपाय अवघड नाही, कंटाळवाणा मात्र आहे. मूळचा कर्णा धडाबरोबर राहावा आणि वाद्य विकले गेले तर तोही बरोबर जावा. धडावर व कर्ण्यावर अनुक्रमांक असतील ते घासून जाऊ देऊ नयेत. कोणता भाग कधी, कोठून आणून बसविला, किती नळी कापली, जोडाशी पूर्वी किती व्यास होता, याची एक चिठ्ठी वाद्याच्या पेटीत असावी. झाळकाम शक्य तेथे मऊ असावे, म्हणजे पुढच्या कारागिराला ते सोडविता येईल. हे सर्व करूनही वाद्य पूर्वीपेक्षा वेगळेच वाजेल, आणि तसे वाजण्याचा त्याला अधिकार आहे. नळी कापायचीच असेल तर अगोदरच खिळखिळे झालेले, एकाच प्रकारची पुष्कळ शिल्लक असलेली वाद्ये त्यासाठी निवडावीत. ज्याच्यासारखे दुसरे दिसत नाही, त्याला करवत लावू नये.

डबल बासच्या जागी ट्युबा बसवून केलेल्या त्या जुन्या तबकड्या आजही ऐकता येतात. खरखरीच्या खाली दबलेला एक घुमारा त्यांत अधूनमधून जाणवतो. तो उभ्या कर्ण्यातून आला की समोर वळलेल्या, हे तबकडीच्या कागदी बिल्ल्यावर लिहिलेले नसते.